विल्यम्स संघाचा उदय आणि ऱ्हास

इतिहासाच्या व्याख्यानासाठी मोटारींच्या शर्यतीचा विषय निवडला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शिवशाही, पेशवाई, स्वातंत्र्याचा लढा हे या व्यासपीठाचे नेहमीचे विषय. परंतु इतिहास केवळ राज्यांचाच असतो असे नाही. तुर्भे, पावणे, महापे, रबाळे या पट्ट्यात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अंगाने ज्या लहानमोठ्या शेड उभ्या आहेत, त्यांतील प्रत्येकीला आपला उदय आहे आणि काहींना आपला ऱ्हासही आहे. आज ज्या संघाची हकीगत मी सांगणार आहे, तोही अशाच एका शेडमध्ये जन्माला आला. तेव्हा ही कथा परदेशातली असली, तरी तिचा प्रश्न आपल्या दाराशीच उभा आहे.

प्रथम थोडा खुलासा करतो. फॉर्म्युला वन ही मोटार शर्यतींची जगातील सर्वांत वरची पायरी. तीत दरवर्षी दोन अजिंक्यपदे दिली जातात. एक चालकाला आणि दुसरे मोटार बनविणाऱ्या संघाला. इंजिन दुसऱ्याकडून घेता येते; परंतु मोटारीचा सांगाडा, तिची बांधणी, तिची रचना ही संघाची स्वतःची असावी लागते. म्हणजे संघ हा खेळाडूंचा नुसता जमाव नव्हे; तो एक कारखानाच असतो. चालक आपल्या डोळ्यांत भरतो, परंतु त्याची हारजीत पुष्कळ अंशी ड्रॉइंगच्या टेबलावर आणि लेथवर ठरलेली असते.

या कथेचा नायक फ्रँक विल्यम्स. जन्म १९४२, इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथे. १९६६ मध्ये त्यांनी शर्यतीचा धंदा सुरू केला, तेव्हा जवळ भांडवल नव्हते. होती ती केवळ हौस आणि चिकाटी. त्यांचा मित्र आणि चालक पिअर्स करेज १९७० मध्ये हॉलंडमधील शर्यतीत मरण पावला. कर्ज वाढत गेले. बिल न भरल्यामुळे फोन तोडला गेला, तेव्हा हे गृहस्थ सार्वजनिक फोनच्या खोक्यात उभे राहून आपला व्यवहार चालवीत. शेवटी वॉल्टर वुल्फ नावाच्या धनिकाने संघाचा मोठा हिस्सा विकत घेतला. १९७६ साल उजाडले, तेव्हा स्वतः उभ्या केलेल्या संघातच फ्रँक यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. पैसा आला, पण घर परक्याचे झाले. ही जखम ध्यानात ठेवावी. पुढील चाळीस वर्षांचा उलगडा तिच्यातून होतो.

त्यांनी तो संघ सोडला आणि १९७७ मध्ये पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. डिडकॉट गावातील गालिच्यांचे एक जुने गोदाम हा त्यांचा कारखाना. सोबतीला पॅट्रिक हेड हा अभियंता. फ्रँक यांनी पैसा आणि चालक मिळवायचे, हेड यांनी मोटार घडवायची, अशी कामाची वाटणी होती. पुढे कंपनीचा बहुतांश हिस्सा फ्रँक यांचा आणि उरलेला हेड यांचा राहिला. जो मोटार घडवितो तो मालकीतही भागीदार, हे या संघाच्या पायाचे सूत्र होते.

फळ लवकर मिळाले. १४ जुलै १९७९ रोजी सिल्व्हरस्टोन येथे क्ले रेगाझोनी याने संघाला पहिला विजय मिळवून दिला. १९८० मध्ये संघाचे आणि चालक ॲलन जोन्सचे, अशी दोन्ही अजिंक्यपदे आली. १९८१ मध्ये पुन्हा संघाचे, १९८२ मध्ये केके रोझबर्गचे. मार्च १९८६ मध्ये फ्रान्समध्ये मोटार उलटून फ्रँक यांच्या मानेला जबर इजा झाली आणि त्यांचे हातपाय कायमचे लुळे पडले. दुसरा कोणी असता तर निवृत्त झाला असता. त्या वर्षीही संघाने अजिंक्यपद जिंकले आणि पुढच्या वर्षीही. चाकांच्या खुर्चीत बसून या माणसाने आणखी तीन दशकांहून अधिक काळ कारभार पाहिला.

१९९० मध्ये एड्रियन न्यूई हे तरुण रचनाकार संघात आले आणि वैभवाचा कळस चढला. वारा मोटारीवरून कसा वाहील आणि तिला रस्त्याला कसा दाबून धरील, हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १९९२ च्या मोटारीला रस्त्याच्या उंचसखलपणाप्रमाणे आपोआप जुळवून घेणारे सस्पेन्शन होते. त्या वर्षी सोळांपैकी दहा शर्यती विल्यम्सने जिंकल्या आणि पंधरा शर्यतींत त्यांची मोटार सर्वांच्या पुढे उभी राहून निघाली. १९९२, १९९३, १९९४, १९९६ आणि १९९७ अशी सहा वर्षांत संघाची पाच अजिंक्यपदे झाली. एकूण नऊ. चालकांची सात.

मग उतार कोठून लागला?

पुष्कळ जण १ मे १९९४ या दिवसाकडे बोट दाखवितात. त्या दिवशी इमोला येथे विल्यम्सच्या मोटारीत आयर्टन सेना मरण पावला. घाव भयंकर होता. परंतु आपण मराठी माणसे पानिपताची गोष्ट जाणतो. १७६१ मध्ये एक पिढी कापली गेली, तरी दहा वर्षांत, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. रणांगणावरचा घाव भरून येतो. घरातील विस्कोट भरून येत नाही. सेनाच्या मृत्यूच्या वर्षीही अजिंक्यपद विल्यम्सनेच जिंकले. ऱ्हासाचे कारण तेथे नाही.

ते आहे १९९६ मध्ये. कोणता चालक ठेवावा, कोणता काढावा, अशा निर्णयांत आपल्यालाही विचारावे आणि कंपनीत आपल्यालाही हिस्सा असावा, अशी न्यूई यांची अपेक्षा होती. त्यांना मोठा पगार मिळू शकत होता. हिस्सा मात्र मिळाला नाही. १९९६ च्या अखेरीस ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी मॅक्लारेनमध्ये दाखल झाले. १९९७ चे पद विल्यम्सने जिंकले, पण ती मोटार मुख्यतः त्यांचीच होती. दिवा विझल्यावरही वात थोडा वेळ लाल राहते, तसे ते यश. १९९८ मध्ये मॅक्लारेन अजिंक्य ठरला. रेनोनेही १९९७ नंतर इंजिन देणे थांबविले होते. पुढील तीन वर्षे विल्यम्सला एकही शर्यत जिंकता आली नाही.

नंतर जर्मनीची बीएमडब्ल्यू कंपनी इंजिन घेऊन आली. २००० ते २००५ या सहा वर्षांत या जोडीने दहा शर्यती जिंकल्या आणि २००३ मध्ये संघ अजिंक्यपदाच्या अगदी जवळ पोहोचला. परंतु बीएमडब्ल्यूला इंजिन पुरविण्यापेक्षा अधिक हवे होते. तिला मालकी हवी होती. फ्रँक यांनी नकार दिला. २००५ मध्ये कंपनीने स्वित्झर्लंडमधील साउबर संघ विकत घेतला आणि विल्यम्सला इंजिनासाठी पुन्हा दारोदार फिरावे लागले. कॉसवर्थ, टोयोटा, पुन्हा कॉसवर्थ, पुन्हा रेनो. आपल्याकडचे नारायण कार्तिकेयन २००६ आणि २००७ मध्ये या संघाचे चाचणी चालक होते. त्यांनी पाहिला तो मावळतीचाच विल्यम्स.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने घाई करू नये. फ्रँक हट्टी होते, काळाची पावले त्यांना ओळखता आली नाहीत, असा निकाल देणे सोपे आहे. पण बीएमडब्ल्यूचे पुढे काय झाले ते पाहा. मंदी येताच २००९ च्या अखेरीस ती शर्यतींतून निघून गेली. होंडा २००८ मध्ये गेली होती, टोयोटाही २००९ मध्ये गेली. मोठ्या कंपन्यांना शर्यत ही जाहिरात होती. फ्रँक यांना तो संसार होता. ज्याने एकदा आपले घर धनिकाच्या हाती दिले आणि पश्चात्ताप केला, त्याने दुसऱ्यांदा दार लावून घेतले, यात चूक काय?

माझ्या मते चूक वेगळी आहे. फ्रँक यांनी दोन अगदी भिन्न माणसांना एकाच मापाने मोजले. पैसा घेऊन येणारा परका आणि कौशल्य घेऊन घरातच राबणारा सहकारी, या दोघांनीही हिस्सा मागितला. जुन्या जखमेमुळे दोन्ही मागण्या सारख्याच धोक्याच्या वाटल्या. बीएमडब्ल्यूला दिलेला नकार समर्थनीय होता. न्यूई यांना दिलेला नव्हता. हेड यांना भागीदार करून ज्या सूत्रावर संघ उभा राहिला, तेच सूत्र वैभवाच्या दिवसांत विसरले गेले. न्यूई यांनी पुढे रेड बुल संघासाठी २०१० ते २०१३ अशी लागोपाठ चार वर्षे दोन्ही अजिंक्यपदे जिंकणाऱ्या मोटारी घडविल्या. आणि २०२५ मध्ये ते ॲस्टन मार्टिन संघात गेले, ते भागधारक म्हणूनच.

उतार एकसारखा नव्हता. १३ मे २०१२ रोजी स्पेनमध्ये पास्तोर माल्दोनादो याने अनपेक्षित विजय मिळविला. आनंद चालू असतानाच गॅरेजमध्ये आग लागली. तो संघाचा आजपर्यंतचा शेवटचा विजय. २०१४ आणि २०१५ मध्ये मर्सिडीजच्या इंजिनावर तिसरे स्थान आले. फ्रँक यांची कन्या क्लेअर २०१३ पासून कारभार पाहत होती. पण २०१८, २०१९ आणि २०२० अशी तिन्ही वर्षे संघ सर्वांत शेवटी राहिला. २०१९ मध्ये तर हंगामापूर्वीच्या चाचणीला मोटारच वेळेवर तयार झाली नाही. २०२० मध्ये एकही गुण मिळाला नाही. त्या ऑगस्टमध्ये डोरिल्टन कॅपिटल या अमेरिकन कंपनीने पंधरा कोटी वीस लाख युरोंना संघ घेतला. ६ सप्टेंबर २०२० रोजी मोंझा येथील शर्यतीनंतर विल्यम्स कुटुंबाने निरोप घेतला. पुढच्या वर्षी, २८ नोव्हेंबर २०२१ रोजी, फ्रँक निवर्तले.

आतून काय झाले होते, ते नंतर बाहेर आले. २०२३ मध्ये जेम्स व्हाउल्स यांनी सूत्रे घेतली. मोटारीच्या सुमारे वीस हजार भागांचा सारा हिशेब एका एक्सेलच्या तक्त्यात ठेवलेला त्यांना आढळला. कोणता भाग किती खर्चाचा, किती दिवसांत होणार, स्टोअरमध्ये किती शिल्लक, याचा त्यावरून पत्ता लागत नसे. मार्च २०२४ मध्ये मेलबर्न येथे अलेक्स अल्बनची मोटार सरावात मोडली आणि राखीव सांगाडाच नव्हता. तेव्हा ज्याचा काही दोष नव्हता त्या लोगन सार्जंटची मोटार काढून अल्बनला द्यावी लागली. एकेकाळी जगाला नवे तंत्र शिकविणाऱ्या कारखान्याची ही दशा! कुशल माणसे गेली, पैसा आटला, की पहिला गंज मोटारीला चढत नाही. तो कामाच्या रीतीला चढतो, आणि तो लवकर दिसत नाही.

२०२५ मध्ये संघ पाचव्या स्थानापर्यंत वर आला आहे. नाव विल्यम्सच आहे. विल्यम्स कुटुंब मात्र त्यात नाही.

श्रोतेहो, आपल्या या पट्ट्यात पुष्कळांनी एका यंत्रावर धंदा सुरू केला आहे. हिस्सा मागायला कोणी आला, की छातीत धस्स होते, हे मी जाणतो. फ्रँक यांच्या छातीतही तेच झाले. परंतु मागणारा कोण आहे, हे त्या वेळी शांतपणे पाहावे. तो पेटी घेऊन आलेला सावकार आहे, की पंधरा वर्षे आपल्याच यंत्रावर उभा असलेला कारागीर? पहिल्याला दार लावणे कधी शहाणपणाचे ठरते. दुसऱ्याला दार लावले, तर तो मुकाट्याने निघून जातो, आणि काय गेले ते कळायला दोन-तीन वर्षे लागतात. विल्यम्सच्या कारखान्यात १९९७ मध्ये विजयाचा जल्लोष चालू होता, त्या वेळी ते कोणाला कळले होते?