एजॅक्स (वेब तंत्र)

एजॅक्स हे वेबवरील संवादी उपयोजने तयार करण्याचे एक तंत्र आहे. 'असिंक्रोनस जावास्क्रिप्ट अँड एक्सएमएल' या इंग्लिश शब्दसमूहावरून हे नाव रूढ झाले. या तंत्रात संपूर्ण पान पुन्हा न उतरवता सर्व्हरकडून आवश्यक तेवढीच माहिती मागवली जाते आणि पानाचा तेवढाच भाग बदलला जातो. एजॅक्स ही स्वतंत्र संगणकीय भाषा नसून एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट इत्यादी तंत्रांचा एकत्रित वापर आहे. त्यामुळे पान जलद प्रतिसाद देते. मात्र ब्राउझर पूर्वी आपोआप करत असलेली काही कामे प्रोग्रामरवर येऊन पडतात. एजॅक्सच्या अध्यापनात या जबाबदाऱ्यांना मध्यवर्ती स्थान आहे.

इतिहास

सुरुवातीच्या वेबवर प्रत्येक दुव्यासाठी किंवा अर्जासाठी सर्व्हरकडून नवे पान यावे लागे. १९९५ मध्ये ब्रेंडन आयक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. तिच्यामुळे उतरवलेल्या पानात बदल करणे शक्य झाले, पण नवी माहिती मिळवण्याची सोपी सोय नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक वेब ॲक्सेस या ईमेल उपयोजनासाठी अशी सोय विकसित करण्यात आली आणि मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत ती वितरित झाली. पुढे मोझिला व इतर ब्राउझरांनी 'एक्सएमएलएचटीटीपी-रिक्वेस्ट' या नावाने तिचा स्वीकार केला.

२००४ मधील जीमेल आणि २००५ मधील गूगल मॅप्स या सेवांनी या पद्धतीची क्षमता दाखवून दिली. १८ फेब्रुवारी २००५ रोजी जेसी जेम्स गॅरेट यांनी एका निबंधात या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले. तंत्र त्याआधीच उपलब्ध होते. नाव मिळाल्यावर मात्र ते शिकवण्याचा एक स्वतंत्र विषय बनले.

कार्यपद्धती

वापरकर्त्याने कळ दाबणे, अक्षर टंकणे अशी कृती केल्यावर जावास्क्रिप्ट सर्व्हरकडे विनंती पाठवते. ही विनंती असमकालिक असते, म्हणजे उत्तर येईपर्यंत पान गोठत नाही. विनंतीची अवस्था ० ते ४ या अंकांनी दर्शवली जाते. ४ म्हणजे विनंतीची प्रक्रिया संपली. ती यशस्वी झाली की नाही, हे सर्व्हरने पाठवलेल्या स्थिती-क्रमांकावरून कळते. उदाहरणार्थ, २०० म्हणजे यश व ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू न सापडणे. मिळालेली माहिती पानात योग्य ठिकाणी बसवली जाते. नावात एक्सएमएल असले तरी आज माहितीसाठी प्रामुख्याने जेसन हे स्वरूप वापरले जाते.

अध्यापन

नवशिक्यांना सर्वांत कठीण जाणारी संकल्पना असमकालिकतेची आहे. प्रोग्राममधील ओळी क्रमाने चालतात या सवयीमुळे विद्यार्थी विनंतीच्या पुढच्याच ओळीत उत्तर वापरू पाहतो. प्रत्यक्षात ते तोपर्यंत आलेले नसते.

उत्तरे विनंत्यांच्याच क्रमाने येतील याचीही खात्री नसते. शोधपेटीत आधी 'पु' आणि मग 'पुणे' असे टंकल्यास दोन विनंत्या जाऊ शकतात. पहिलीचे उत्तर उशिरा आले, तर 'पुणे'साठीची योग्य यादी पुसली जाऊन जुनी यादी दिसते. यावर उपाय म्हणून जुनी विनंती रद्द करणे, तिचे उत्तर दुर्लक्षित करणे किंवा टंकन थांबेपर्यंत क्षणभर वाट पाहणे या पद्धती शिकवल्या जातात.

देवनागरी मजकूर पत्त्यातून पाठवताना त्याचे सांकेतिक रूपांतर करावे लागते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. त्यामुळे 'पुणे' या ४ चिन्हांच्या शब्दाचे रूपांतर ३६ अक्षरांचे होते.

सुरक्षा

समान-उगम धोरणानुसार एका संकेतस्थळावरील स्क्रिप्टला दुसऱ्या संकेतस्थळाची उत्तरे त्याच्या परवानगीशिवाय वाचता येत नाहीत. तथापि घातक स्क्रिप्ट त्याच संकेतस्थळाच्या पानात शिरल्यास हे संरक्षण अपुरे ठरते. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेसवर पसरलेल्या 'सॅमी' या संगणकीय कृमीने अशाच प्रकारे वापरकर्त्यांच्या नकळत विनंत्या पाठवल्या आणि सुमारे २० तासांत दहा लाखांहून अधिक सदस्यांची पाने बाधित केली. त्यामुळे वापरकर्त्याने दिलेला मजकूर तपासल्याशिवाय पानात न घालणे हा अध्यापनातील मूलभूत नियम मानला जातो.

मर्यादा

पान न बदलता त्यातील मजकूर बदलल्याने ब्राउझरचे 'मागे' हे बटण अपेक्षेप्रमाणे चालत नाही आणि दिसणाऱ्या स्थितीचा दुवा जतन करता येत नाही. एचटीएमएल ५ मधील इतिहास-सुविधेने यावर उपाय दिला, पण तो प्रोग्रामरने योजावा लागतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींना पानातील बदल झाल्याचे कळतच नाही, अशीही अडचण उद्भवते. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या वाय-एरिया १.० या मानकात असे बदल वाचून दाखवण्यासाठी खुणा दिलेल्या आहेत. जावास्क्रिप्टविना चालणारे पान आधी तयार करून त्यावर एजॅक्सची भर घालण्याची 'क्रमिक संवर्धन' पद्धतही याच कारणासाठी शिकवली जाते.

सद्यस्थिती

२००६ मध्ये जॉन रेसिग यांनी प्रकाशित केलेल्या जेक्वेरी या संग्रहामुळे ब्राउझरांमधील फरक हाताळणे सोपे झाले. आधुनिक ब्राउझरांत 'फेच' ही सुटसुटीत सोय उपलब्ध आहे. ४०४ सारखे उत्तर आले तरी फेच त्याला आपोआप त्रुटी मानत नाही. स्थिती-क्रमांक तपासण्याची जबाबदारी आजही प्रोग्रामरचीच आहे. एजॅक्स हे नाव आता कमी ऐकू येत असले, तरी एकपानी वेब उपयोजने याच तत्त्वावर चालतात.