हर्टाचा कडा

ऑगस्ट १८७५. बेटाला धक्का नाही. लाट होडीला वर उचलते तेवढ्यात ओल्या खडकावर उडी मारायची. तुम्ही उतरता ते सेंट किल्डा द्वीपसमूहातल्या हर्टा बेटावर. स्कॉटलंडची आउटर हेब्रिडीज बेटं इथून पूर्वेला साठेक किलोमीटरवर राहिली. वस्ती जेमतेम पाऊणशे.

गावात एकच रस्ता. तिथं पुरुष जमलेत आणि गेलिकमध्ये वाद घालताहेत: कोणत्या कड्यावर जायचं, कोण उतरणार, वर कोण थांबणार. बाहेरचे या बैठकीला 'पार्लमेंट' म्हणतात. एरवी ती रेंगाळते, आज लवकर आटोपते. फुल्मरची पिल्लं भरलीत. ती उडायच्या आत धरायला हवीत. सध्या अख्ख्या ब्रिटनमध्ये हा पक्षी घरटी करतो ती फक्त याच बेटांवर.

कॉनाखर डोंगराचा कडा सरळ समुद्रात उतरतो, चारशे मीटरहून जास्त. अनवाणी गडी दोराला लटकून खाली जातो. वरचे टाच रोवून दोर धरतात. तुम्हीही धरा. खालून पिल्लू पोटातलं तेल नेमकं तोंडावर थुंकतं. वास सुकटीच्या बोचक्यासारखा, आठवडाभर अंगाला चिकटणारा. म्हणून गडी झटकन मान पिरगळतो. तेल वाया घालवून चालत नाही: त्यावरच दिवा जळतो. पिसं आणि तेल दोन्ही जमीनदार मॅकलाउडच्या खंडात जातात.

बायका ओझी खाली आणतात. ढीग पडतो, घरटी वाटे होतात. विधवेला आणि आजाऱ्यालाही वाटा मिळतो. मग पक्षी 'क्लेट'मध्ये ठेवायचे. दगडावर दगड रचलेली ही कोठारं डोंगरभर हजाराच्या वर आहेत. छतावरची गवताळ माती पाऊस अडवते, फटींतून वारा खेळतो. हिवाळा यावरच काढायचा.

आता ५५ वर्षं पुढं या. गावात ३६ माणसं उरलीत. तरुण निघून गेले, रॉकेल आलं, पिसांचा बाजार बसला. कड्यावर पक्षी तसेच आहेत. दोर धरायला धडधाकट गडी पुरेनात. मे महिन्यात गावानंच सरकारला अर्ज केला: आम्हाला इथून न्या. २९ ऑगस्ट १९३० च्या सकाळी घराघरांत उघडं बायबल आणि थोडे ओट ठेवून सगळे 'हेअरबेल' जहाजावर चढले.

गॅनेट पक्ष्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक आजही इथंच आहे. १९८६ मध्ये युनेस्कोनं या निसर्गाला जागतिक वारसा ठरवलं. माणसांनी इथं उभारलेल्या जगण्याची त्यात नोंद व्हायला २००५ साल उजाडलं.