डावीकडचे शून्य

पोरांना अंक शिकवताना आम्हां मास्तरांचे एक वाक्य ठरलेले असते: शून्य उजवीकडे बसले तर दसपट, डावीकडे बसले तर काडीची किंमत नाही. संगणकाच्या राज्यात मात्र या डावीकडच्या शून्याने चांगली पन्नास वर्षे मानाचे पान मिळवले आहे.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांच्यापुढे पीडीपी-७ नावाचे यंत्र होते. त्याच्या स्मृतीतला प्रत्येक शब्द अठरा बिटांचा. तिघातिघांचे गट पाडले की सहा गट बरोबर जमतात, आणि एका गटात शून्य ते सात एवढेच अंक मावतात. साहजिकच तिथे अष्टमान पद्धत सोयीची. त्यांच्या 'बी' भाषेत नियम झाला, की संख्या शून्याने सुरू झाली तर ती अष्टमानात वाचावी. १० म्हणजे दहा, पण ०१० म्हणजे आठ! पुन्हा औदार्य कसे पाहा: अष्टमानात नऊ हा अंकच नाही, तरी १९७२ च्या माहितीपुस्तिकेत ०९ ला मुभा आहे.

डेनिस रिचींच्या 'सी' भाषेला हे शून्य वारशाने मिळाले. १९८९ साली तिचे अमेरिकी प्रमाण ठरले, तेव्हा आठ-नवाची सवलत गेली, शून्य राहिले. चालत्या घराचा उंबरठा कोण उखडतो?

खरी पंचाईत पुढे झाली. १९९५ साली जन्मलेल्या जावास्क्रिप्टच्या १९९९ च्या प्रमाणाने मजकुरातून संख्या वाचताना, आरंभीच्या शून्याला अष्टमान समजावे की नाही, हे यंत्रकर्त्यांच्या मर्जीवर सोडले. मला हा निव्वळ भित्रेपणा वाटतो. कोणी अर्जात महिना ०७ लिहिला तर सात मिळे. ०८ किंवा ०९ लिहिला की कित्येक ठिकाणी हाती शून्य. म्हणजे जुलैपर्यंत सारे सुरळीत, ऑक्टोबरपासून पुन्हा सुरळीत, आणि मधले दोन महिने गायब. आपला गणपती बहुधा त्यांतच येतो! २००९ च्या प्रमाणाने ही मर्जी काढून घेतली.

पायथनने २००८ सालीच आपल्या तिसऱ्या आवृत्तीत ०१० ही सरळ चूक ठरवली होती. अष्टमान हवे तर शून्यापुढे इंग्रजी ओ लिहा, म्हणाली. या भाषेची आणखी एक मौज आहे. प्रोग्रॅममध्ये आपले देवनागरी १२ उघडे लिहिले तर ती ते नाकारते. पण तेच अवतरणचिन्हांत देऊन 'याची संख्या कर' म्हटले, की मुकाट्याने बारा काढून देते.