गोष्ट सांगणारी ग्रंथपाल

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत आमच्या देवळाच्या बांधणीचा व पूर्वीच्या धर्मगुरूंच्या कार्याचा इतिहास अन्यत्र आला आहे. आम्ही येथें दूरदेशच्या एका ग्रंथपाल बाईंचा वृत्तांत देत आहों. शाळेच्या ग्रंथालयांत नव्यानें रुजू होणारांस पुस्तकांची यादी करणें, क्रमांक घालणें, नोंदवही ठेवणें हें सर्व शिकविलें जातें. परंतु मुलांपुढें बसून गोष्ट सांगणें हेंही त्याच विद्येचें अंग आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं नसते.

अमेरिकेंत ह्या विद्येचा उदय गेल्या शतकाच्या आरंभीं झाला. १९०० सालीं ब्रुकलिन येथील इरॅस्मस हॉल हायस्कुलांत मेरी किंग्सबरी ह्यांची नेमणूक झाली. ग्रंथालयशास्त्राचें रीतसर शिक्षण घेऊन शाळेंत ग्रंथपाल झालेल्या त्या पहिल्याच, असें मानितात. त्याच सुमारास मरी शेडलॉक नांवाच्या बाई इंग्लंडाहून तेथें जाऊन गोष्टी सांगूं लागल्या. त्यांस ऐकणारांत ॲन कॅरल मूर ह्या होत्या. १९०६ सालीं न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाचीं सूत्रें मूरबाईंच्या हातीं आलीं आणि ‘गोष्टीचा तास’ हा तेथील नित्यक्रम झाला. गोष्ट कशी निवडावी, ती आपल्या अंगीं कशी मुरवावी, हावभावांचें अवडंबर न करितां ती कशी सांगावी, ह्याचें शिक्षण तेथें नव्या ग्रंथपालांस मिळूं लागलें. तासाच्या वेळीं एक मेणबत्ती लावीत आणि शेवटीं मुलें मनांत इच्छा धरून ती विझवीत. देवळांत वाढलेल्या आमच्या मुलांस अशा मेणबत्तीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.

पुरा बेलप्रे ह्या पोर्तो रिको बेटावरील सिद्रा गांवच्या. बहिणीच्या लग्नाकरितां त्या न्यूयॉर्कास आल्या व तेथेंच राहिल्या. बेटावरील लोकांस १९१७ सालीं अमेरिकेचें नागरिकत्व मिळालें होतें, आणि पोटापाण्यासाठीं न्यूयॉर्कास येणारीं कुटुंबें वाढत चाललीं होतीं. हार्लेमच्या १३५ व्या रस्त्यावरील शाखेच्या प्रमुख अर्नेस्टाइन रोझ ह्यांस स्पॅनिश जाणणारी साहाय्यक हवी होती. १९२१ सालीं त्यांनीं बेलप्रेबाईंस कामावर घेतलें.

फळ्यांवर पुस्तकें लावतांना बाईंच्या लक्षांत आलें कीं, देशोदेशींच्या लोककथा तेथें आहेत, पण आजीच्या तोंडून ऐकलेल्या आपल्या बेटाच्या गोष्टी मात्र कोठेंच नाहींत. पुढें त्या ग्रंथालयाच्या स्वतःच्या शाळेंत शिकावयास गेल्या. तेथें मेरी गुल्ड डेव्हिस ह्यांच्या कथाकथनाच्या वर्गांत त्यांनीं आजीची एक गोष्ट लिहून काढली व सांगितली. मार्तिना नांवाचें एक नखरेल झुरळ, तिला मागणी घालावयास येणारे नाना प्राणी, आणि तिनें पसंत केलेला पेरेस नांवाचा उंदीर, अशी ती कथा. नाताळाचें पक्वान्न चाखावयास गेलेला पेरेस कढत भांड्यांत पडून मरतो, म्हणून ती हंसवतां हंसवतां रडवते. गोष्टीच्या तासाला छापील पुस्तकांतीलच कथा सांगाव्या असा तेथील दंडक होता. बाईंना मात्र न छापलेली गोष्ट सांगण्याची मोकळीक मिळाली. ज्यांनीं ती दिली त्यांचा मनाचा मोठेपणा आम्हांस बाईंच्या कौशल्याइतकाच मोलाचा वाटतो. ती गोष्ट १९३२ सालीं पुस्तकरूपानें निघाली.

आमच्या लोकांस ह्यांत परकें असें कांहीं नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. ज्यांच्या घरीं पोथी नव्हती, त्यांनींही तें ऐकलें, आणि ऐकून धर्म जाणला. पण वसईकडील सामवेदी व वाडवळी बोलींतल्या ज्या गोष्टी आमच्या आज्या चुलीपाशीं सांगत, त्यांतील किती छापल्या गेल्या? इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या नातवाला आजीची बोली पुरती कळत नाहीं, आणि आजीला त्याचें पुस्तक वाचतां येत नाहीं. दोघेंही एकाच ओट्यावर गप्प बसलेलीं आम्हीं अनेक घरीं पाहिलीं आहेत.

बेलप्रेबाईंपुढेंही हाच प्रश्न होता. १९२९ सालीं त्यांची बदली ११५ व्या रस्त्यावरील शाखेंत झाली. तेथें त्या स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत गोष्टी सांगूं लागल्या, म्हणजे मुलांबरोबर आयाही येऊन बसत. तीन राजांचा सण, ६ जानेवारीचा, ग्रंथालयांतच साजरा होऊं लागला. आपल्या गांवचा सण पुस्तकांच्या घरांत पाहून थोरांसही तें घर आपलें वाटूं लागलें. १९४३ सालीं विवाह झाल्यावर त्यांनीं नोकरी सोडली, पण पतिनिधनानंतर १९६१ सालीं त्या परत आल्या आणि १९६८ सालीं निवृत्त झाल्या. मग दक्षिण ब्राँक्सच्या वस्तींत बाहुल्या घेऊन त्या पुन्हां मुलांपुढें बसल्या. बाहुल्यांच्या खेळांत मार्तिना आणि पेरेस हीं होतींच. बाईंचें देहावसान १ जुलै १९८२ रोजीं झालें. त्यांच्या नांवाचें बालसाहित्याचें पारितोषिक १९९६ पासून दिलें जातें.