आयसीयूतल्या पेशंटला ॲक्युप्रेशर: कुठे चालतं, कुठे नाही

सुरतच्या उत्तरेला, तापीपलीकडे अमरोलीला लागून कोसाड आहे. इथल्या मराठी घरातलं कुणी सिरीयस झालं की नदी ओलांडून न्यू सिव्हिल नाहीतर स्मीमेर गाठतात. नंदुरबार-धुळ्याहून नातेवाईक येतात आणि भेटीच्या वेळेत हात आपसूक पेशंटच्या पायाकडे जातो. पाय चेपून देणं ही आपली जुनी माया. आयसीयूत मात्र तीच धोक्याची. बरेच दिवस पडून असलेल्या माणसाच्या पोटरीतल्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. चेपल्यामुळे ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं.

ॲक्युप्रेशर म्हणजे चेपणं नव्हे. ठरावीक बिंदूवर बोटाने एक-दोन मिनिटं बेताचा दाब द्यायचा. सुई नाही, गोळी नाही. सगळ्यात जास्त तपासलेला बिंदू हाताचा. तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या घडीपासून पेशंटचीच तीन बोटं वर, दोन ताठ दोऱ्यांसारखं लागतं त्यांच्या मधोमध. चिनी नाव नेइग्वान. ऑपरेशननंतरची मळमळ-उलटी या बिंदूने कमी होते, असं कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या मिळून दिसलं.

झोपेचं तसं नाही. इराण, तुर्कस्तान, तैवानमध्ये आयसीयूत छोटे छोटे अभ्यास झाले, काहींत झोप सुधारली. तरी अमेरिकेच्या क्रिटिकल केअर सोसायटीने २०१८ मध्ये पुरावा कच्चा म्हणून झोपेसाठी ॲक्युप्रेशर नकोच, असं सुचवलं. कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी हे मात्र त्यांना मान्य आहे. आपल्याला तर हेच जास्त सोपं वाटतं.

सलाईन किंवा नाडीत नळी असलेला हात, सूज, जखम, कमी प्लेटलेट असेल तिथे दाबू नये. रक्त पातळ करायचं औषध आयसीयूत पुष्कळांना चालूच असतं, त्यामुळे विचारल्याशिवाय काहीच नाही. गरोदर बाईच्या अंगठा-तर्जनीमधला बिंदू टाळतात. आणि चालू औषध यासाठी बंद करायला सांगू नका.

आधी हात धुवा, मग सिस्टरला विचारा. ‘बेन, अहीं दबावुं?’ एवढी गुजराती पुरते. व्हेंटिलेटरवरचा माणूस ‘दुखतंय’ म्हणू शकत नाही. कपाळाला आठी पडली, हात आखडला किंवा मॉनिटरवर ठोके वाढले की लगेच थांबा आणि सिस्टरला सांगा.