कोरल, फोटोशॉप की फुकटातलं इंकस्केप? बॅनर-पत्रिका करणाऱ्यांसाठी माहिती

कामतघर (भिवंडी) : लग्नसराई आली की पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, जत्रेचे फ्लेक्स यांची कामं एकदम वाढतात. गावातली बरीच पोरं आता मोबाईलवर किंवा जुन्या लॅपटॉपवर ही कामं करतात. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा 'मित्राने टाकून दिलं' इथेच संपतो.

हे टाकून दिलेलं म्हणजे साधारण क्रॅक केलेलं कोरलड्रॉ किंवा फोटोशॉप. दोन्ही कंपनीच्या मालकीची, पैसे भरून वापरायची सॉफ्टवेअर. कोरल 1989 पासून बाजारात आहे. फोटोशॉपवाल्या अॅडोबीने 2013 पासून नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने, म्हणजे महिन्याच्या किंवा वर्षाच्या हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. क्रॅक कॉपी धंद्यात वापरणं हा गुन्हा आहे. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63-ब नुसार जाणूनबुजून अशी कॉपी वापरल्यास किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय क्रॅक टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हाच व्हायरस आत शिरतो आणि गिऱ्हाइकांच्या फाईली जातात.

दुसरी बाजू मुक्त सॉफ्टवेअरची. यांचा मूळ कोड सर्वांना खुला असतो आणि धंद्यासाठी वापरायलाही पैसे लागत नाहीत. कोरलच्या जागी इंकस्केप (2003 पासून), फोटोशॉपच्या जागी गिंप (पहिली आवृत्ती 1996), आणि पुस्तक, अंक, पत्रिका छपाईला लावायला स्क्रायबस. इथे एक गल्लत होते. फुकट म्हणजे मुक्त नव्हे. कॅनव्हाची साधी आवृत्ती फुकट आहे, 2025 च्या ऑक्टोबरपासून अॅफिनिटीही फुकट झालं, पण दोन्ही कंपनीचीच. उद्या नियम बदलले तर आपण काही करू शकत नाही.

मराठीचं काय?

आपल्यासाठी खरी परीक्षा हीच. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठी नीट बसत नव्हतं, म्हणून डीटीपीवाले श्रीलिपी, कृतिदेव असे फॉन्ट वापरत आले. त्यात पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. म्हणून गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नावं तशीच चिकटवता येत नाहीत. पुन्हा टाईप करायची, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढायची, आणि तिथेच आडनाव चुकतं. पत्रिकेवर आडनाव चुकलं की काय होतं ते सांगायला नको.

इंकस्केप आणि गिंपमध्ये युनिकोड मराठी थेट चालतं, जोडाक्षरं तुटत नाहीत. फोटोशॉपच्या नव्या आवृत्तीतही चालतं. कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात 'वऱ्हाळा देवी', 'वऱ्हाडी' आणि 'आशीर्वाद' असे तीन शब्द टाकून बघा. आपल्या तलावाच्या देवीचं नाव नीट उमटलं तर बाकी मराठीही बहुतेक नीट उमटेल. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाईपने केलेले मुक्ता, बलू, मोदक हे मुक्त परवान्याचे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मिळतात. ते छपाईच्या कामातही बिनधास्त वापरा.

छपाईला अडतं कुठे

मुक्त सॉफ्टवेअरची खरी अडचण प्रेसमध्ये येते. प्रेसवाला सीडीआर फाईल मागतो. इंकस्केप सीडीआर उघडू शकतं, तेही प्रत्येक वेळी जसंच्या तसं नाही, आणि त्या प्रकारात सेव्ह मुळीच करू शकत नाही. उपाय म्हणजे अक्षरं 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून पीडीएफ द्यायची. चांगला प्रेसवाला ती घेतो. आधी फोन करून विचारा. ऑफसेटच्या चार रंगांचं कामही इंकस्केपमध्ये थेट होत नाही, ते स्क्रायबसमधून काढावं लागतं. फ्लेक्सला एवढा त्रास नाही, मशीनवाले साधी जेपीजीही घेतात. नमुन्याचा छोटा तुकडा मात्र काढून बघा, कारण पडद्यावरचा भडक केशरी कापडावर मळकट येऊ शकतो.

फक्त मोबाईल असेल तर

मग पिक्सेललॅबच सोयीचं पडतं. पीएलपी फाईली ग्रुपवर फिरतात, पण त्या पिक्सेललॅबमध्येच उघडतात आणि अॅप कंपनीचंच आहे. स्टेटससाठी ठीक, दहा फुटी बॅनरला अक्षरं फाटतात. आणि तयार फाईल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रेसमध्ये नोकरी करायची असेल तर कोरल यायलाच हवं, तिथे इलाज नाही. घरून काम घेणाऱ्याने मात्र इंकस्केपवर आठ-पंधरा दिवस हात बसवून बघावा, जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं. अधिकृत वेबसाइटवरूनच उतरवून घ्या.