वाटणीवर पाणी

आमच्या नगर जिल्ह्यात ‘फादर’ हा शब्द कुणाला नवा नाही. पण फादर आणि ब्रदर यांतला फरक आजही पुष्कळांना ठाऊक नसतो. फादरला गुरुदीक्षा मिळते, तो मिस्सा अर्पण करतो. ब्रदर ती दीक्षा घेत नाही. शाळा, वर्कशॉप, शेती, पडेल ते काम करतो. व्रतं मात्र दोघांची सारखीच: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन.

येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली १५४० साली. दोनच वर्षांत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. १५७९ मध्ये इंग्लंडचे थॉमस स्टीफन्स आले, इथली भाषा शिकले आणि त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. अशी माणसं घरदार सोडून आली, हे आपण वाचतो. त्यांच्या मागं राहिलेल्या घराचं काय झालं, ते कुणी लिहीत नाही.

आमचा दादा जुनी अकरावी होऊन १९७४ साली ब्रदर व्हायला गेला. बहात्तरचा दुष्काळ ताजा होता. गाव म्हणालं, “पोटासाठी गेलं पोरगं.” पण पहिली दोन वर्षं नवशिक्याची असतात. प्रार्थना, मौन, झाडलोट, भांडी. नको वाटलं तर दार उघडं असतं. दादा परतला नाही. औताला मात्र आबा आणि मी दोघंच उरलो.

आबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा भावांची नावं लागली. शेवटच्या व्रतांआधी आपल्या मालमत्तेवर पाणी सोडावं लागतं. दादा आला, हक्कसोडपत्रावर सही केली आणि संध्याकाळच्या एस.टी.नं गेला. आई दोन दिवस जेवली नाही.

पुढं स्वित्झर्लंडहून १९४८ साली आलेल्या फादर हरमन बाखर यांची पाणलोटाची कामं जिल्ह्यात नावारूपाला आली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांनी श्रमदान केलं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. परक्या माणसाचं गावं ऐकतात कशी, याचं मला नवल वाटे. आई म्हणाली, “ज्याला सोताचा बांध न्हाई, त्याचं बांधावरनं भांडान न्हाई.”

तेव्हा दादाच्या सहीचा अर्थ मला लागला. सही त्याची एकट्याची होती. हक्क मात्र आईनंही सोडला होता.